कासिमिराचं झाड आणि दिराचा कोयता

कासिमिराच्या जिभेला करवतीचे दात आहेत, असं सगळं निकिनोओमो गाव म्हणे. खोटं नव्हतं. पाववाल्याने शिळा पाव दिला, तर त्याच्या दारात उभी राहून ती त्याचे सात पिढ्यांचे पूर्वज उद्धरायची. जीभ आवरायचं बळ ती रोज सकाळी देवळात मागे. देव ते द्यायचा, पण दुपारनंतर.

परसातल्या अ‍ॅव्होकॅडोच्या झाडाशी मात्र ती कधी चढ्या आवाजात बोलली नाही. त्याच्या मुळाशी लेकीची, योर्लेनीची, नाळ पुरलेली. लेक आता कोस्टा रिकात परक्यांची घरं झाडत होती. झाड खुशाल तर लेक खुशाल, असं कासिमिरा मानायची. नवरा गेल्यापासून छाटणीही तीच करे. वाळकी नाहीतर दुसरीला घासणारी फांदी तेवढी काढायची, आणि तीही चंद्र उतरता असताना.

दोन वर्षं झाड फळलं नव्हतं. संत योहानाच्या दिवशी अशा झाडाला दम द्यायची तिथे रीत आहे. एकाने कोयत्याचं पातं आडवं धरून खोडावर आपटायचं आणि विचारायचं, फळ देतोस, का तोडू? दुसऱ्याने झाडाच्या वतीने कबूल व्हायचं. कासिमिराने दिराला, आबेलिनोला बोलावलं, मी आल्यावरच विचारा म्हणून बजावलं आणि प्रार्थनेला गेली.

परत येऊन पाहते तर सगळ्यात जाड फांदी लोंबत होती. वरून घाव घातलेला. फांदी आपल्या भाराने फाटली आणि खोडाची हातभर साल सोलत खाली आली.

"मी तीनदा विचारलं वहिनी," आबेलिनो म्हणाला. "कोणी उत्तरच देईना. मग शब्द पाळायला नको?"

"कोण देणार होतं उत्तर, भावजी? तुमचा भाऊ उठून येणार होता थडग्यातून?"

पुढे ती जे बोलली ते संताच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही. जखमेवर फासायला त्याने आणलेला रंगाचा डबा तिने कुंपणापलीकडे भिरकावला. झाडाला श्वास घ्यायचाय, म्हणाली, नटायचं नाही.

रागाच्या हाताने करवत धरू नये, असं नवरा म्हणे. ती पायरीवर बसली, प्रार्थना पुटपुटली. राग तसूभर उतरला नाही. मग तशीच उठली. आधी लोंबतं ओझं उतरवलं: खालून थोडं कापून, मग वरून, म्हणजे साल आणखी फाटू नये. राहिलेला खुंट शेवटी.

खोडालगत सपाट करा, चांगलं दिसेल, असं शिडी धरलेला आबेलिनो सुचवू लागला.

"फांदीच्या बुडाशी ही सुरकुतलेली फुगीर कडी दिसते ना? तिच्यातून साल भरून येते. ती कापली की झाड सडलं. आणि लांब खुंट ठेवला की तो आधी सडतो. शिडी धरा. बोलू नका."

फाटक्या सालीची कड तिने चाकूने घट्ट सालीपर्यंत साफ केली आणि खाली उतरली.

"आता विचारा. पातं आडवं धरून."

आबेलिनोने कोयता जेमतेम टेकवला. "फळ देतोस, का तोडू?"

कासिमिराने तळवा खोडावर ठेवला.

"देईन. पण पुन्हा मला कोयत्याची धार लावलीस, तर तुझ्या ताटात माझं एक फळ पडायचं नाही, मेल्या."

दिराला तिने जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं. पण बोलत होतं झाड. आबेलिनो मान खाली घालून पडलेल्या फांद्या गोळा करू लागला.