सुट्टीतली साक्ष

मिशनच्या माणसाला सुट्टी मिळते म्हणजे नेमकं काय मिळतं, हे ज्याने ती घेतली त्यालाच ठाऊक. मी नर्स आहे. आफ्रिकेतल्या मलावीत, तळ्याकाठच्या एका गावात आमच्या मिशनचा छोटा दवाखाना आहे, तिथे मी बरीच वर्षं काम करते. गेल्या उन्हाळ्यात नागपूरला आले. तिथे बेसा भागात भावाचा फ्लॅट आहे, आई त्याच्याकडेच असते. येताना परतीच्या तिकिटाची तारीख मी मुद्दाम मोकळी ठेवली होती, कारण परत जायचं की नाही, हेच मला ठरवायचं होतं. हे फक्त आईला सांगितलं. कारणही सांगितलं, की मला प्रार्थना करता येईनाशी झाली आहे.

तिथे काही बिघडलं होतं का, तर नाही. लोक मायेचे, काम चांगलं चाललेलं. पण पहाटे दार वाजायचं ते दिवे लागेपर्यंत वाजतच राहायचं, आणि प्रत्येक वेळी मीच उठायचे. सोबत तिथल्याच दोन नर्स होत्या, हुशार होत्या, पण मी असताना त्यांनी कशाला उठायचं, असा माझा हिशेब. रविवारच्या उपासनेतसुद्धा मोबाइल मांडीवर. डोळे मिटले की देवाच्या जागी औषधांचं कपाट दिसायचं, आणि त्यात काय संपलंय ते. एकदा कळा देणाऱ्या एका पोरीवर मी इतकी खेकसले की ती बिचारी कण्हायचीच थांबली. त्या दिवशी मी घाबरले. देवाचं काम करता करता मला देवाचाच कंटाळा आला होता, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "आधी जेव. मग पाहू."

पण जेवण पचायच्या आत आमच्या मंडळीतले एक वडीलजन दारात हजर. चर्चचा कारभार पाहणाऱ्यांना आम्ही वडीलजन म्हणतो, आणि हे तर कारभार पाहण्यासाठीच जन्मलेले. "जय ख्रिस्त, सिस्टर," म्हणाले आणि पंख्याखालची खुर्ची धरली. आमच्याकडे रीतच आहे. परदेशातून सेवक आला की घरोघरी प्रार्थनासभा ठेवायची आणि त्याने साक्ष द्यायची, म्हणजे देवाने त्याच्या हातून काय काय केलं ते सांगायचं. सभा संपली की लोक आपापल्या विनंत्या सांगतात आणि सेवक त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. बाहेरच्या सेवकाची प्रार्थना लवकर लागू पडते अशी सगळ्यांची समजूत. वडीलजनांनी जवळपास रोजची संध्याकाळ लावून टाकली होती. मला विचारलं नव्हतं. अहो, सुट्टीवर आलेल्या बाईला दुसरं काय काम असणार?

मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. नाही म्हणायची सवयच गेली होती माझी.

मग काय, उन्हात तापलेल्या शहरातून रोज संध्याकाळी ऑटो, नवं घर, नवा कूलर, आणि तीच साक्ष. तळ्यात उलटलेली होडी आणि वाचलेली माणसं. पायाळू बाळ आणि वाचलेली आई. साक्ष ही जिंकल्याचीच असते, हरल्याची साक्ष कुणी कधी ऐकलीय? लोक डोळे पुसायचे. पोहे यायचे, वर तर्री यायची, संत्रा बर्फी यायची. मग विनंत्या. पोरीचं लग्न जमत नाही, पोराला नोकरी नाही, गुडघे दुखतात, शेजारी गाडी आडवी लावतो. मी डोळे मिटून भराभर बोलायचे. शब्द तोंडपाठ होते, आत काही हलत नव्हतं. घरी येऊन मी दवाखान्यात फोन लावायचे आणि सगळं ठीक आहे असं कळलं की, खरं सांगते, मला जरा वाईटच वाटायचं.

एका संध्याकाळी सभा कोराडीला होती, वीज केंद्राच्या वसाहतीत. क्वार्टर छोटं, माणसं दाटीवाटीने सतरंजीवर बसलेली. घरच्या बाईने दोरीवरचे कपडे झटकून आत आणले, कारण तिथे राखेमुळे धुतलेला पांढरा कपडा पांढरा राहत नाही. साक्ष झाली. विनंत्या झाल्या. मी उठून उभी राहिले, हात जोडले, डोळे मिटले, आणि पुढे काही आलंच नाही.

म्हणजे एक शब्दही नाही. कूलरचा आवाज तेवढा येत होता. कुणीतरी खाकरलं. मला वाटलं आता येईल, आता येईल. शेवटी डोळे उघडले आणि जे तोंडात आलं ते बोलून गेले, "मले नाही येऊन राहिली प्रार्थना. लई दिवसांपासून नाही येत."

वडीलजन चटकन उठले, म्हणाले, "सिस्टर थकल्या आहेत, आपण एक गीत घेऊ." गीत कुणी सुरू केलं नाही. कूलरजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत त्या घरची म्हातारी बसली होती, घरधन्याची आई. तिने मला हाताने बोलावलं.

"इकडं ये वं, पोरी. बस इथं."

मी तिच्या पायाशी बसले. पन्नाशीची बाई मी, आणि पोरी म्हटल्यावर लगेच बसले.

"तू सगळ्याईसाठी प्रार्थना करतं," ती म्हणाली. "तुह्यासाठी कोण करते?"

"सगळी मंडळीच करते की, आजी. दर रविवारी नाव घेतात."

"तसं नाही म्हणत मी. जवळ बसवून, डोक्यावर हात ठेवून. कोण करते?"

मी आठवायला लागले. वडील होते तोवर ते करायचे. त्यानंतर कुणी नाही. मीच सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवत आले होते. मी नाही म्हणून मान हलवली.

तिने दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. मोठे शब्द तिच्यापाशी नव्हतेच. "बापा," ती म्हणाली, "हे पोरगी लई थकली. हिले झोप दे. हिचे पाय सुजले, पाह्य जरा. हिले दोन घास निवांत खाऊ दे. हिच्या मांगं कोणी लागू देऊ नको, आमी बी नाही." मग म्हणाली, "आमेन."

तळ्याचं नाव नाही, सेवेचं नाव नाही, आत्म्यांचं नाव नाही. नुसते माझे पाय. मी अशी रडले की बाजूच्या बायांनी पदर पुढे केले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

निघताना आजी म्हणाली, "पुढच्या रविवारी साक्ष-बिक्ष काही नको. माह्या बाजूले येऊन बसजो."

दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या सगळ्या सभा रद्द केल्या. वडीलजन जाम चिडले. "अहो सिस्टर, लोकांनी किराणा आणून ठेवलाय!" मी म्हटलं, "तर मग लोक जेवतील. मी नसले म्हणून पोहे कडू होत नाहीत." आई आतल्या खोलीत हसत होती, मला ऐकू आलं.

मग मी खरीच सुट्टीवर गेले. दुपारी झोपायचे, आईच्या शेजारी, तोंडावर ओढणी घेऊन. रविवारी बसने कोराडीला जायचे आणि चर्चमध्ये आजीच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसायचे. मला कुणी पुढे बोलवायचं नाही. आजीने सांगून ठेवलं असावं. मी गाणी गायचे, कधी नुसती ऐकायचे. प्रार्थना एकदम काही परतली नाही. आधी नुसतं बसता यायला लागलं. मग एका रविवारी माझं मलाच कळलं की मी काहीतरी मागते आहे, आणि ते औषध नाही.

पण परत जायचं का, याचं उत्तर अजून आलं नव्हतं. भीती ही होती की तिथे उतरले की पुन्हा तेच दार आणि तीच मी.

आणि त्याच रविवारी, चर्चहून घरी आल्यावर मी दवाखान्यात फोन लावला, तर कुणी उचलेना. पुन्हा लावला. दुपारभर लावत होते. साथ आली असेल, नर्स आजारी असेल, कुणी गेलं असेल. "राहू दे ना वं तो फोन," आई म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. म्हणजे इतक्या दिवसांची झोप एका दुपारी पाण्यात.

सोमवारी तिथल्या नर्सने फोन उचलला, त्या दोघींतली थोरली.

"काल कुठे होतीस?"

"घरी," ती म्हणाली. "आम्ही सुट्टीचे रविवार वाटून घेतले आहेत. एक रविवार माझा, एक तिचा. काल तिची ड्युटी होती. एक बाळंतपण झालं, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. तिचे हात कामात होते, म्हणून फोन उचलला नसेल. मी आंब्याखाली झोपले होते."

मला इतका राग आला. तो ओसरायला जरा वेळ लागला.

"आधी का नाही घेतलात रविवार?" मी विचारलं.

"तुम्ही उभ्या असताना आम्ही घरी कसं जायचं, सिस्टर?"

मी बाल्कनीत होते. समोर बांधकाम चाललं होतं, कुणीतरी लोखंडावर घण घालत होतं.

मग तीच म्हणाली, "तुमचाही रविवार धरलाय आम्ही. आल्या आल्या पहिला. माझी आई म्हणते, त्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायचं. आणि पिशवी आणायची नाही."

तिच्या घरी मी अनेकदा गेले होते. प्रत्येक वेळी औषधांची पिशवी घेऊन, कुणाच्या तरी तापासाठी. जेवायला एकदाही नाही.

"मग काय आणू?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही या."

त्या दुपारी मी तिकिटाची तारीख पक्की केली, शनिवारी पोहोचेन अशी.