चिकट देठ

बुद्धपौर्णिमेला सुपरमार्केटमधली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं वाहायची म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या गावी त्या दिवशी सकाळी बांधावर जे फुललं असेल ते तोडून आणायचं. विचारायचं कुणाला? ग्लासगोजवळ तीस वर्षं काढूनही ती खोड गेलेली नाही.

त्या सकाळी मी घरामागच्या टेकडीवर फिरायला गेलो होतो. तिथली माती निकस, खडक उघडा, आणि मे महिन्यातही वारा असा की डोक्यावर टोपी ठरत नाही. तशा जागी एका कपारीत गडद गुलाबी फुलं मजेत डुलत होती. या थंडीत कशी तग धरतात कोण जाणे, पण मूर्तीपुढे शोभतील हे लगेच मनात आलं. देठ भलतेच चिकट होते, मुंग्यासुद्धा अडकल्या होत्या. मी बोटं पँटला पुसली आणि होती नव्हती ती सगळी घेऊन आलो.

लेक संध्याकाळी वंदनेसाठी आली. ती इथेच जन्मलेली. शाळेत शिकवते आणि सुट्टीत रानफुलं मोजणाऱ्या मंडळींबरोबर डोंगर पालथे घालते. नेमकं काय मोजते, ते मी कधी धड ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी ती चिखलाच्या बुटांनीच दारात उभी राहिली. डोळे लाल.

"बाबा, हिलवरचे माझे कॅचफ्लाय, ती चिकट पिंक फुलं, कुणीतरी पिक केलेत. सगळे! इतके रेअर आहेत ते. आणि अजून सीडपण सेट झालं नव्हतं."

"असतील कुणी टुरिस्ट," मी म्हणालो. इतक्या सहज बोलून गेलो की माझी मलाच लाज वाटली.

ती बूट काढेपर्यंत मी आत जाऊन मूर्तीपुढची फुलं उचलली आणि किचनमधल्या कचऱ्याच्या डब्यात कांद्याच्या सालींखाली दडपली. बुद्धापुढून उचलून! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोची हॉस्पिटलात ड्यूटी होती, त्यामुळे वंदनेला आम्ही दोघंच. आमच्याकडे पंचशील मी आधी म्हणायचं, लेकीनं मागून. न दिलेलं घेणार नाही, हे शील मी भराभर उरकलं. खोटं बोलणार नाही, इथे मात्र आवाजच फुटेना. तिला वाटलं, मी विसरलो. तिनं आपल्या स्कॉटिश उच्चारात ते हळूच म्हटलं आणि माझ्यासाठी थांबली. मग मी तिच्या मागून म्हटलं.

नंतर पेटवलेली अगरबत्ती तिच्या हातात द्यायला गेलो, तर काडी माझ्या बोटांना चिकटून बसली. तिनं ती सोडवून घेतली. स्वतःची दोन बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग मूर्तीपुढच्या रिकाम्या फुलदाणीकडे पाहिलं.

"किती तोडलीत, बाबा?"

"सात."

तिनं अगरबत्ती नीट लावली, हात जोडले.

"सातच होती," ती म्हणाली.