सुईच्या मशीनला कुंकू

मला एका जागी बसवतच नाही. नागावला घरी असले तरी आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो त्या खोलीतल्या शाम्पूच्या पुड्या दाबून बघते, कुठून हवा निसटते का. आई वैतागते, "अगं, तो तुझा कारखाना नव्हे!" काय करू? सलाईनच्या सुया बनतात तिथे क्वालिटीत एवढी वर्षं काढली. पाकीट जरा उघडं राहिलं तर ती सुई कुणाच्या शिरेत जाईल, हे डोक्यातून जातच नाही.

एका वर्षी दसऱ्याची सुट्टी संपली आणि सकाळी कारखान्यात आले ती थेट सुया पाकिटबंद करायच्या आतल्या खोलीत. तिथे डोक्यापासून पायापर्यंत झाकून जायचं. टिकली नाही, पावडर नाही, बांगडी नाही. खंडेनवमीची पूजा दाराबाहेरच. जनरेटरला हार, ट्रकला हार, साहेबांच्या कॉम्प्युटरलासुद्धा. आत फुलाची पाकळीही न्यायची नाही. आणि बघते तर पाकिटं चिकटवायच्या मशीनवर, अगदी पाकिटं सरकतात तिथेच, कुंकवाचं बोट! अर्धं उडून गेलेलं.

नवमीला त्या मशीनवर निघालेला सगळा माल गाडीत चढायच्या तयारीत होता. मॅनेजर म्हणाले, "पुसून टाका. माल नंतर निर्जंतुक झालाय ना?"

मी भडकले. "जंतू मरतात हो, कुंकू कुठे जातं? सुईबरोबर पेशंटच्या रक्तात जायचं ते!"

"नवमीलाच लावलं कशावरून? आज सकाळी लावलं असेल."

मी नुसत्या येरझाऱ्या घालत राहिले.

तेवढ्यात त्या मशीनवर काम करणारी मावशी पुढे आली. आतल्या गावातली, घरची भातशेती, इथे ठेकेदाराकडून लागलेली. "मीच लावलं, म्याडम. नवमीच्या सकाली, मशीन चालू करायच्या आदी. रुमालाच्या टोकाला बांधून आनलं व्हतं."

"अहो मावशी, पण का?"

"सगल्या मशिनींना पूजा, हिलाच न्हाय. माज्या लेकीला बालंतपनात हीच सुई लावली व्हती. म्हटलं, कुनाला काय वाईट व्हायला नको."

मॅनेजरांनी तिला तिथल्या तिथे घरी जायला सांगितलं, उद्यापासून येऊच नको म्हणाले. मग मात्र माझं डोकंच फिरलं. "ती बोलली म्हणून आपल्याला कळलं. तिला काढलंत तर उद्या इथे कोण तोंड उघडेल? ती जाणार असेल तर मीही चालले!"

बोलून तर गेले. हा माणूस खरंच "जा" म्हणाला तर? त्यांनी आधी फोन करून गाडी थांबवायला सांगितली. मग म्हणाले, "राहू दे तिला. पण आता हा सगळा माल फोडावा लागणार, तेव्हा ती समोर उभी पाहिजे."

दुपारी मागच्या शेडमध्ये खोकी आली. चुरा करायचं यंत्र सुरू झालं. पहिलं खोकं मी ओतलं. मावशीने एक पाकीट उचलून उजेडात धरलं.

"ह्यांतल्या चांगल्या किती असतील, म्याडम?"

"बहुतेक सगळ्याच."

"तरी फोडायच्या?"

"तरी."

मला तिच्याकडे बघवेना. तिने हातातलं पाकीट यंत्रात टाकलं, पदर खोचला आणि पुढचं खोकं स्वतःच उचललं.