रिमोटवाले काका

अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये निवडणुकीच्या दिवसांत एक काका रोज सकाळी येऊन बसत. अंगात स्वेटर, मोज्यांवर चपला आणि हातात तिथल्या टीव्हीचा रिमोट. ते कायम त्यांना न आवडणाऱ्या पक्षाचं चॅनेल लावत आणि आवाज बंद करत. खाली सरकणाऱ्या ओळी मात्र वाचत, आणि प्रत्येक ओळीला "बायस्ड" म्हणत.

"मग तुमच्या पक्षाचं चॅनेल लावा ना, काका," मी एकदा म्हटलं.

"त्यात काय बघायचं? ते खरंच सांगतात."

मी दुसऱ्या बाजूचा. त्यांच्याशी भांडण्याच्या नादात ऑफिसच्या मीटिंगला रोज उशिरा लॉग-इन करायचो.

मतदानाच्या दिवशीही ते तिथेच. मी विचारलं, "व्होट करून आलात?"

"छे, मी मुलीकडे आलोय, व्हिजिटर व्हिसावर. माझं नाव नाशिकच्या यादीत आहे."

"तिथल्या निवडणुकीत तरी केलंत?"

"तेव्हाही इथेच होतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू केलंस?"

"नाही. वर्क व्हिसावर आहे."

काकांनी मान हलवली, शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली, आणि आम्ही कालचं भांडण पुढे सुरू केलं.