डावीकडची कळी

माझा थोरला भाऊ पोफळीवरून पडला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आमचं सुपारीचं आगर भाट्याच्या खाडीपलीकडे. रत्नागिरीला जायचं तर खाडी ओलांडणाऱ्या होडीत, तरीत, बसावं लागे. सुपारी काढताना आमच्याकडे दर झाडाला खाली उतरून नव्याने चढत नाहीत. शेंड्याशी बसून पोफळ झुलवायची आणि झोक्यासरशी पुढची धरायची. दादा अशा वीस-वीस पोफळी जमिनीला पाय न लावता करी आणि खाली सुपाऱ्या वेचणाऱ्या मला चिडवी, "गो, तुझ्या सासरी असाच वरच्या वर येईन!" त्या दिवशी त्याने धरलेली पोफळ आतून किडलेली होती. ती त्याच्यासकट मोडली.

गुडघ्याखाली हाड मोडलं. हाडवैद्याने बांबूच्या कांबी लावून पाय करकचून बांधला. पाचव्या दिवशी बोटं काळी पडली आणि खोलीत वास सुटला. मग डोलीत घालून, तरीतून, त्याला रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर भला माणूस होता. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागेल, नाहीतर मुलगा हाती लागणार नाही, उद्या सकाळपर्यंत सांगा, असं त्याने बाबांना स्पष्ट सांगितलं. दादा शुद्धीवर होता. "कापायचा नाय. मेलो तरी चालेल," तो म्हणाला. आणि आईने पदराला डोळे पुसत आपलं सांगितलं, "देवाला विचारल्याबिगर मी हो म्हणायची नाय."

आमच्याकडे म्हैस घ्यायची असो की मुलगी द्यायची असो, कौल लावल्याशिवाय पान हलत नसे. देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आई दादापाशी राहिली. नारळ घेऊन बाबा आणि मी परत आलो आणि तसेच देवळात गेलो.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पाय कापावा अशी मर्जी असेल तर उजवी दे, महाराजा. त्याचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, आणि डावी पडली.

"परत लावू?" गुरवाने हळूच विचारलं.

"नको." बाबांनी ती कळी उचलली, मुठीत धरली आणि पायऱ्या उतरू लागले. गुरवाने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या माणसाने ही गोष्ट शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही.

धक्क्यावर तरीची वाट बघताना बाबांनी मूठ उघडून कळी खाडीत टाकली. "देवानं उजवा कौल दिलान," ते म्हणाले. "समजलं?"

"समजलं," मी म्हटलं. मला त्या वेळी देवाची भीती जास्त वाटली की बाबांची, हे आजही सांगता यायचं नाही.

दवाखान्यात ते ऐकून आईने हात जोडले आणि हो म्हटलं. देवाचंच म्हणणं असं म्हटल्यावर दादाने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी पाय कापला.

तो घरी आला तो नुसता जिवंत म्हणून. पुढचे सहा महिने मला आठवतात ते जखमेच्या चिंध्या उकळण्याच्या वासाने. नसलेला पाय खाजतो म्हणून तो ओरडे, आणि आई रिकाम्या घोंगडीवर खाजवत बसे. बाबांनी फणसाच्या लाकडाची कुबडी केली, बगलेत रुतू नये म्हणून वर कापूस गुंडाळला. ती त्याच्या उशाशी तशीच पडून राहिली. आई अंगारा लावी, तो पुसून टाकी. मग त्याने जेवण टाकलं. "देवानं पाय मागितलान ना? आता सगळाच नेऊ दे मला," तो म्हणे. बाबा दाराशी येत, भाताने भरलेलं ताट बघत आणि परत जात.

चौथ्या दिवशी पेजेची वाटी त्याने भिंतीवर भिरकावली. पेज पुसता पुसता माझं डोकं फिरलं. देवाला उगीच शिव्या देऊ नकोस, मी म्हटलं, डावी पडली होती.

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "डोळ्यांनी बघितलंस?"

"बघितलं."

"म्हणजे देव माझ्या बाजूनं होता."

त्याने पेज मागितली. दुसऱ्या दिवशी कुबडी मागितली. आई आनंदाने रडली आणि मला वाटलं, मी माझ्या भावाला उठवलं. त्या दिवसापासून तो बाबांशी एक शब्द बोलला नाही. मी बोलून गेले, हे बाबांना कोणी सांगावं लागलं नाही. मला ते रागावलेही नाहीत. "जेवतो ना?" एवढंच एकदा त्यांनी विचारलं.

दादा दर सोमवारी देवळात जाऊ लागला. देऊळ उंचावर, पायऱ्या जांभ्या दगडाच्या. पावसाळ्यात त्यांना हिरवं शेवाळ धरतं, धड दोन पायांचा माणूससुद्धा तिथे आपटतो. त्या पावसात सोमवारी सकाळी मी फुलं घेऊन गेले, तर डोक्यावर इरलं घेऊन बाबा पायऱ्यांवर ओणवे बसले होते. कोयत्याने एकेक पायरी खरवडून वर राख टाकत होते. मला पाहून त्यांनी फक्त मान हलवली, सांगू नकोस अशी, आणि देवळामागच्या वाटेने निघून गेले.

थोड्या वेळाने दादा कुबडी टेकत वर आला. "बघितलंस?" तो म्हणाला. "सगळीकडे शेवाळ, पण देवानं माझी वाट साफ ठेवलीन."

मी त्याच्या हातात फुलं दिली. खरं सांगितलं असतं, तर तो पुन्हा त्या पायऱ्या चढला नसता.