डावीकडचं तिसरं चाक

नीलम कोकरे रणगाड्यांची चाकं करते. खोटं वाटत असेल तर दौंडला आमच्या घरी या. खालच्या दोन खोल्यांत ती आणि तिची सासू सोजराबाई भाड्यानं राहतात. रणगाडे वीतभर, प्लॅस्टिकचे. पुण्या-बंगळुरातल्या हौशी लोकांना ते जोडायचा नाद असतो, पण चाकांचा कंटाळा. एका गाडीला ढीगभर चाकं, सगळी सारखी. एकेक कापा, घासा, चिकटवा, रंगवा. तेवढा भाग ते कुरिअरनं नीलमकडे धाडतात, आणि वरची तोफ स्वतः रंगवून फोटो टाकतात. चालायचंच.

ती चाक दातकोरणीवर खोचते. ब्रश जागचा हलवत नाही, दातकोरणी फिरवते. कडेच्या रबरावर रंगाची रेघ गोल उमटत जाते. मग चाकांना धरणारे दांडे. ते बसवताना गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवायची आणि प्रत्येक चाकाखालून कागदाची पट्टी सरकवून बघायची. सरकली तर चाक अधांतरी आहे. पुन्हा काढा.

हे तिला नवऱ्यानं शिकवलं. शंभू भांडगावच्या धनगराचा मुलगा, रणगाड्याचा ड्रायव्हर. सुट्टीवर आला की अंगणात खाट टाकून हेच करत बसायचा. चार वर्षांपूर्वी दूर कुठेतरी सराव चालू असताना खऱ्या गाडीचं चाक बदलायची वेळ आली. डावीकडचं तिसरं. जॅक निसटला. शंभू खाली होता.

पेटी आली ती बंद. उघडू नका, असं बरोबर आलेल्या सुभेदारांनी हात जोडून सांगितलं. कुणी उघडली नाही. सोजराबाईंनी पेटीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यात माझा शंभू न्हाई."

तिथून सगळं अडलं. घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करतात. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली आकृती. तो देव्हाऱ्यात बसवला की गेलेला माणूस घरच्या देवांत जाऊन बसतो, भटकत नाही. सोजराबाई टाक करू देईनात. जित्या माणसाचा टाक कुणी करतं का, हा त्यांचा सवाल. शंभूचे चुलते आबा भांडगावहून दर चंपाषष्ठीच्या आधी येत, समजावत, चहा पिऊन परत जात.

"मॅडम, त्यांना बसायला जागाच न्हाई," नीलम मला एकदा म्हणाली. "म्हणून ते इथं येतात. माझ्या कामात."

"काहीतरी बोलू नकोस."

"डावीकडचं तिसरं चाक टिकत न्हाई. कुणाचीही गाडी असू द्या. सकाळी बघावं तर बाजूला पडलेलं."

मी म्हटलं, गोंद बदल. तिनं बदलला. म्हटलं, सोजराबाई काढत असतील. त्या चार दिवस भांडगावला गेल्या तरी चाक निघालंच. मला अशा गोष्टींचा राग येतो. मी एक तयार गाडी वर आणली, स्वतः ओढून बघितली, चाक घट्ट होतं. कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली माझ्या उशाखाली. सकाळी उघडलं. गाडी जशीच्या तशी, आणि चाक तिच्या शेजारी उताणं. तुटलेलं नाही. कुणी सावकाश काढून ठेवावं तसं. मी चाळीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, कारण असणारच. मला सापडलेलं नाही, एवढंच.

सोजराबाईंचं वेगळंच. दौंड स्टेशनात लष्कराची मालगाडी थांबते कधीकधी. उघड्या वाघिणींवर साखळ्यांनी बांधलेले रणगाडे, वर ताडपत्री. त्यांना बातमी कोण देतं देव जाणे, पण गाडी लागली की त्या फडक्यात भाकरी बांधून निघतात. एकदा मी मागोमाग गेले. भर उन्हात त्या वाघिणीच्या कडेनं चालत होत्या, आणि प्रत्येक ताडपत्रीपाशी थांबून हाक मारत होत्या, "शंभू, ए शंभू!" जशी मेंढरं हाकारावीत तशी. ताडपत्री वाऱ्यानं फुगायची आणि त्या कान द्यायच्या.

पहाऱ्यावरचा एक कोवळा जवान खाली उतरला. "किसको ढूँढ रही हो, माताजी?"

"माझा शंभू. डायवर हाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याला काय समजलं कोण जाणे. "पीछेवाली गाड़ी में होगा, माताजी," तो म्हणाला, आणि भाकरी दोन्ही हातांनी घेतली.

चांगला मुलगा. पण त्याच्या त्या एका वाक्यानं घात केला. आता सोजराबाईंना शब्दच मिळाला होता. शंभू मागच्या गाडीत आहे. गाडी असो-नसो, त्या रोज जायला लागल्या. रुळांवरून पलीकडे जायला लागल्या. नीलम काम टाकून त्यांना धरून आणायची.

"एक दिवस ह्या पण जातील, मॅडम," ती म्हणाली. "आता दाखवतेच."

तिनं शंभू चालवायचा तोच रणगाडा केला. अख्खा रणगाडा, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच. सगळी चाकं बसवली, धूळ चढवली. एक तेवढं बसवलं नाही. दुपारी तिनं गाडी काचेवर ठेवली, रिकाम्या दांड्याखाली जॅक म्हणून प्लॅस्टिकचा तुकडा, आणि त्याच्या बाजूला खाली काड्यापेटीतली काडी आडवी.

"आत्या, इकडं या. मॅडम, तुम्ही बी थांबा."

सोजराबाई बसल्या. "ह्ये काय गं?"

"ह्यांची गाडी. हे चाक काढलं होतं. ही काडी म्हंजी माणूस. गाडीच्या मानानं माणूस एवढाच."

सोजराबाईंनी गाडीखालच्या फटीत बोट घालून बघितलं. गेलं नाही. करंगळी घातली. तीही गेली नाही.

"एवढ्याशा जागंत?"

"व्हय."

"वरडला का गं?"

"न्हाई, आत्या. तेवढा वेळच न्हाई मिळाला. सुभेदारांनी मला सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचा धीर झाला न्हाई."

"आन् त्यो गाडीवरचा पोरगा म्हनला..."

"तुमचं तोंड बघून खोटं बोलला त्यो."

पंखा फिरत होता, आणि मला सारखं वाटत होतं की दारात कुणीतरी उभं आहे. मी वळून बघितलं नाही. नीलमनंही नाही, पण तिनं पदर सारखा केला.

शेवटी सोजराबाईंनी हात पुढे केला, ती काडी अलगद बाहेर ओढली आणि मुठीत धरली.

"आबांना फोन लाव."

आबांचा आवाज फोनमधून खणखणीत आला. "बोला वहिनी!"

"सोनाराकडं जावा. शंभूचा टाक सांगा."

मग आबा हळू म्हणाले, "बरं झालं. वीराचा करू. घोड्यावर बसल्याला, हातात तलवार."

"घोडा नगं. घोड्यावर कवा बसला त्यो? तलवारबी नगं."

"अवो, रीत हाय तशी!"

"रीत ठिवा तुमच्यापाशी. माझं ल्येकरू उभं दावा म्हनावं. लई दिस आडवं पडलं."

आबा "बरं" म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी लष्कराची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं. सोजराबाई उठल्या नाहीत. उजवी मूठ उघडायलाही तयार नव्हत्या. जेवायला बसल्या तरी नाही. मग नीलमनं भाकरी दुधात कुस्करली आणि त्यांना भरवली.