केवड्याला मका म्हणायचं नाही

मंजुषाकडे ब्लाऊज शिवायला टाकायचा तर दोन गोष्टींची तयारी ठेवावी लागते. एक, सांगितल्या दिवशी तो मिळणार नाही. दोन, "गळा जरा मोठा ठिव गं, पर लई मोठा नगं" हे तुम्ही कसं तोंड करून म्हणालात, मान कुठे वळवलीत, पदर कसा सावरलात, ते सगळं पुढच्या गिऱ्हाइकासमोर जसंच्या तसं सादर होणार. सिरसाळ्याच्या आठवडी बाजारावर चालणारं हे छोटं गाव. तिथे नक्कल झाली नाही असं माणूस उरलेलं नाही.

तिची स्वतःची शाळा अर्धी गावात आणि अर्धी उसाच्या फडात झाली. म्हणून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या की मागे आजी-आजोबांपाशी राहिलेली पोरं ती दर रविवारी गोळा करते आणि महादेवाच्या सभामंडपात त्यांना तेलखडूंनी फुलं काढायला शिकवते. गावातली पोरंही येतात, कारण शिकवणंसुद्धा नकलांचंच असतं.

"झेंडू कसा बसलाय बगा. लग्नात मान न्हाई मिळाला म्हणून रुसलेल्या मामावानी! फुगवा त्याला. आन् खडू असा भीत भीत फिरवू नका, तो काय चावतोय का? दाबा!"

फिकट रंग आधी, चांगला जाड. त्यावर गडद. मग बाभळीच्या काट्याने ओरखडायचं, की खालचा रंग पाकळीच्या शिरांसारखा वर येतो. कडा अंगठ्याने चोळायच्या. घरी जाताना एकाचा अंगठा जांभळा, एकाचा केशरी.

यंदा महाशिवरात्रीला सभामंडपाची भिंत पोरांच्या फुलांनी सजवा, असं देवस्थान कमिटीनेच मंजुषाला सांगितलं. पोरांनी धोतरा काढला, रुई काढली, करडई काढली. दगडाबाईच्या नातवाने, युवराजने, केवडा काढला. त्याची आई ऊसतोडीला गेली होती. तिच्या पेटीत ठेवणीतल्या साड्यांमध्ये केवड्याचं वाळकं पान होतं, आणि हा गडी मधूनच पेटी उघडून त्यात नाक खुपसून बसायचा. चित्रात त्याने शिकवल्याच्या उलट खाली पिवळा घासला, वर पांढरा, आणि काट्याने अशा लांब लांब रेघा ओढल्या की मंजुषाने नक्कल-बिक्कल सोडून ते चित्र बरोब्बर मधोमध लावलं. गाभाऱ्याच्या समोर.

आदल्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष वीरेशशेट पाहणीला आले. खत-बियाण्यांचं दुकान, कपाळाला भस्म, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काय म्हन्तो मी?"

"छान हाय, छान हाय. हे काय बरं?"

"केवडा," युवराज म्हणाला.

शेटजींचा हात कपाळाला गेला. "अगं मंजुषा! महादेवाला केवडा? ब्रह्मदेवाच्या बाजूनं खोटी साक्ष दिली त्यानं. देवानं शाप दिला, माझ्या पूजेत तू नको म्हणून. लहान लेकराला ठाऊक हाय हे. काय म्हन्तो मी?"

मंजुषालाही ठाऊक होतं. श्रावणात बेल-फुलं वाहताना आजीच्या तोंडून दरवर्षी ऐकलं होतं. पण केवडा कागदावर उतरला की तोही देवाला वाहिल्यासारखाच, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. युवराज भिंतीला पाठ लावून, चित्र झाकून उभा राहिला.

शेटजी विरघळले. "बरं, पोराचं मन कशाला मोडायचं? असं करा. त्याला हिरवा खडू मारा, वर केसं काढा. मका करून टाका. कुनी इचारलं तर मका म्हना. मिटलं!"

"शेटजी," मंजुषा म्हणाली, "केवडा खोटं बोलला म्हणून त्याला देवानं हाकललं ना?"

"हां."

"आन् आता त्याच देवाच्या तोंडासमोर उभं राहून, त्याच केवड्यापायी खोटं आमी बोलायचं? काय म्हन्ते मी?"

पोरं खिदळली. हुबेहूब त्यांचाच सूर होता. शेटजी लाल झाले.

"मग ते एक काढ. न्हाईतर समदेच काढ! आन् रविवारी हितं यायचं न्हाई!"

मंडप गेला तर वर्ग कुठे भरवायचा हे मंजुषाला माहीत नव्हतं. तिच्या खोलीत मशीन आणि ती, एवढीच जागा. तरी तिने पदर खोचला, ती स्टुलावर चढली आणि पहिल्यांदा धोतराच काढला.

"अगं, तो ऱ्हाऊ दे! धोतरा चालतो!"

"एकाला जागा न्हाई तर बाकीच्यांना करमायचं न्हाई. ए, धरा रे खालून!"

शिवरात्रीला देवळाची भिंत कोरी राहिली. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दगडाबाईचं अंगण आहे. तिथे दोरी बांधून, कपड्याच्या चिमट्यांनी सगळी फुलं टांगली होती. दर्शनाला जाणारे थांबत होते. कोणी नाकं मुरडली, कोणी फोटो काढले. "देवळात लावता येत न्हाई ते रस्त्यावर लावलं व्हय!" एकजण म्हणाला. दगडाबाई खाटेवरून ओरडली, "अंगण माझं हाय! तुजं काय जातंय? चाल म्होरं!"

रविवारी वर्ग त्याच अंगणात बसला. शेटजींच्या धाकाने निम्मीच पोरं आली. उशिरा वीरेशशेटची नात ईश्वरी आली, खडूंची डबी पोटाशी धरून.

"घरी काय सांगितलंस?" मंजुषाने विचारलं.

"ट्युशनला चाललेय म्हणून."

तिला बसायला जागा देत सरकणारी पोरं थांबली. या एका पोरीचा हिशोब मंजुषालाही कळत होता. शेटजींच्या घरची पोरगी बसली असती तर बाकीची आपोआप परतली असती.

"मग हितं बसायचं न्हाई. जा, आधी खरं सांग. मग ये."

ईश्वरीने डबी आणखी घट्ट धरली. ती गेली. पोरांनी खडू उचलले, पण दाबत कोणीच नव्हतं. सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे.

बऱ्याच वेळाने ती परत आली. डोळे लाल, डबी तशीच पोटाशी.

"सांगितलं?"

"हो."

"मग?"

"आजोबा लई ओरडले."

"मग?"

"मग मी आले."

मंजुषाने तिच्यासमोर कोरा कागद सरकवला. "बस. आधी पिवळा. दाबून!"